शिवेच्या अलीकडची मोटर

मोटरीचं चाक कसं बदलावं याबद्दल माझं मत विचारायला आजवर कोणी आलेलं नाही. तरी मी ते सांगणार आहे, कारण आमच्या पंचक्रोशीत ते शास्त्र मुळातून वाचलेला मी पहिला माणूस. पंचक्रोशीतला पहिला बी.ए. पण मीच. माझ्या आधी आमच्या घरातली शिक्षणाची परंपरा एवढीच, की एकदा शाळा-तपासनीस आमच्या अंगणात पाणी प्यायला होता. त्या तांब्याला आईनं पुढं बरीच वर्षं मान दिला.

गोष्ट महायुद्धाच्या आधीची. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातली एक तहसील होती, आणि आमचं गाव गोंदियापासून देवरीकडच्या अंगाला सात-आठ कोसांवर, एका मोठ्या तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून. गावाचे मालगुजार म्हणजे गावाचे मालक. सगळे त्यांना 'मालक'च म्हणत, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. गोंदियाच्या एका राईस मिलवाल्यानं नवी मोटर घेतली तेव्हा त्याची जुनी मालकांनी विकत घेतली. तिच्याबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं. ही मोटर कशी वापरावी, कशी वापरू नये, आणि बिघडली तर कोणाकडे जावं, हे सगळं त्यात लिहिलेलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लंडनमधला एक पत्ता होता.

मी तर्कशास्त्र आणि संस्कृत घेऊन बी.ए. झालो होतो. माझ्या पदवीचा पहिला सार्वजनिक उपयोग असा झाला, की मालकांच्या ओसरीवर बसून मी ते पुस्तक मराठीत सांगितलं. मालक पोथी ऐकावी तसे ऐकत. ब्रेकच्या अध्यायात त्यांना डुलकी लागली, पण चाक बदलण्याचा अध्याय त्यांनी दोनदा लावायला सांगितला. मोटर सपाट जागी उभी करा, माणसं उतरवा, हातब्रेक ओढा, दुसऱ्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, नट आधी सैल करा आणि मगच जॅकनं उचला, जॅकवर उभ्या मोटरीखाली शरीराचा कोणताही भाग घालू नका. मालक म्हणाले, यात त काहीच नाही. हे त त्यांना जन्मापासून माहीत होतं म्हणे.

ड्रायव्हर त्या वाचनाला यायचा नाही. तो आधी मालकांची दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, हाकायचा. मोटर आल्यावर मालकांनी त्याला खाकी टोपी दिली आणि बाकीची विद्या त्या टोपीतून आपोआप डोक्यात उतरेल अशी सोय केली. विद्या उतरली की नाही माहीत नाही. तोरा मात्र उतरला. मला तो 'बुकवाले भाऊ' म्हणायचा.

त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर मला नागपूरच्या एका सरकारी कचेरीत कारकुनाची नेमणूक आली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कचेरी उघडताना हजर व्हायचं. न झाल्यास जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. पुढचा माणूस नागपुरातच राहणारा होता, हे मला कोणी न सांगता कळत होतं. अशी पुढची माणसं नेहमी कचेरीच्या समोरच राहतात.

मी घरी सांगितलं की नवमीलाच बैलगाडीनं निघतो, रात्र गोंदियाच्या मुसाफिरखान्यात काढतो आणि दसऱ्याला आरामात गाडी पकडतो. बाबांना पटलं. आईनं भाकरीचं पीठ मळायला घेतलं. तेवढ्यात मालकांचं बोलावणं आलं. गावचा पहिला बी.ए. बैलगाडीत बसून नोकरीवर जाईल तर आपली मोटर कायले घेतली, असा त्यांचा सवाल होता. आणखी एक गोष्ट त्यांनी ठरवली होती. दरवर्षी ते दसऱ्याला दुपारून डफड्यांच्या गजरात गावाची शीव ओलांडायला चालत जात. यंदा सीमोल्लंघन मोटरीतून होणार होतं. शीव ओलांडली की तशीच मोटर पुढं गोंदियाला, आणि संध्याकाळच्या नागपूर पॅसेंजरमध्ये मी. त्या गाडीनंतरची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी नागपूरला पोचायची, म्हणजे पुढचा माणूस माझ्या खुर्चीवर बसून पान खाऊन झाल्यावर. हे मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, मोटर हाय ना.

बाबा हो म्हणाले. मालकांना नाही म्हणायची रीत आमच्या घरात नव्हती. ती मी कॉलेजातून शिकून आलो होतो, पण आतापर्यंत कुठं वापरलेली नव्हती.

दसरा उजाडला. मोटरीला झेंडूच्या माळा, आंब्याचं तोरण, दोन्ही दिव्यांवर कुंकवाची बोटं. मोटर एकदम सासरी निघालेल्या पोरीसारखी दिसत होती आणि तितक्याच नाखुशीनं सुरू झाली. पुढं ड्रायव्हर आणि मालक, मागं माझी ट्रंक, मी आणि बाबा. बाबा आयुष्यात पहिल्यांदा मोटरीत बसले होते. त्यांनी माझ्या लग्नासाठी शिवलेला कोट घातला होता. लग्न अजून ठरलं नव्हतं, पण कोट तयार होता. त्यांनी दोन्ही हातांनी पुढची सीट अशी धरली होती, की मोटर पळाली तर ती तरी हातात राहावी. मागून डफडेवाले आणि अर्धं गाव.

गावाची शीव म्हणजे तलावाची पाळ संपते तिथला शेंदूर लावलेला दगड. पाळीवरून रस्ता उतरतो, मग थोडी सपाटी, मग तो दगड. उताराच्या मधोमध मोटरीनं एक उसासा टाकला आणि उजवीकडे झुकली. मागचं चाक बसलं होतं. बैलाच्या पत्रीचा, म्हणजे नालाचा, एक खिळा, कोणत्या तरी बैलानं पोळ्यापासून मालकांसाठीच राखून ठेवलेला, टायरात पूर्ण आत गेला होता.

ड्रायव्हर उतरला. त्यानं आधी चाकाला लाथ मारून पाहिली, बसलेल्या बैलाला उठवतात तशी. चाक उठलं नाही. मग त्यानं पायरीखालची हत्यारांची पेटी उघडली. पेटीत झेंडूचं एक फूल होतं. बाकी पेटी रिकामी.

"जॅक कोठी हाय?" मी विचारलं.

"देवघरात," ड्रायव्हर म्हणाला. यात काय विचारायचं, अशा आवाजात.

मग उलगडा झाला. खंडेनवमीला घरोघर हत्यारांची पूजा होते. कुणाचा नांगर, कुणाचा विळा, कुणा सुताराचा वाकस. मालकांच्या घरी तलवार आणि बंदूक पाटावर मांडायची रीत. यंदा त्यांनी त्या ओळीत मोटरीचा जॅक, पाना, हवेचा पंप आणि टायर काढायच्या पट्ट्याही मांडल्या होत्या. हळदकुंकू, अक्षता, सगळं यथासांग. आणि त्यांच्या घराण्याचा रिवाज असा, की पाटावर बसलेलं हत्यार मालकांनी शीव ओलांडल्याशिवाय उठवायचं नाही. पूजा मोटरीचीही झाली होती. पण मोटर बाहेर पडली तर चालत होतं, कारण मालकांना तिच्यात बसायचं होतं. मोटर देवाची नव्हती, तिची हत्यारं तेवढी देवाची होती.

तर अशी रचना जमली. मालकांनी शीव ओलांडल्याशिवाय जॅक उठणार नाही. जॅक उठल्याशिवाय मोटर शीव ओलांडणार नाही. आणि मालक मोटरीतच शीव ओलांडणार, कारण तसं त्यांनी गावाला सांगून टाकलेलं. तर्कशास्त्राच्या वर्गात आमच्या प्रोफेसरांनी वर्षभर अशा कोड्यांची उदाहरणं परदेशातून आणली होती. आमच्या गावात ते रस्त्यावर उभं होतं, माळा घालून.

गाव मदतीला धावलं. मदतीला धावणारं गाव आणि बुडणारा माणूस यांच्यात आधी कोण खाली जाईल सांगता येत नाही. एकानं सुचवलं, टायरात तणस कोंबा, धानाचं तणस चांगलं चिवट असते. दुसऱ्यानं विळ्याच्या टोकानं नट फिरवून पाहिला आणि विळ्याचं टोक तिथंच ठेवून घरी गेला. ड्रायव्हरला वेगळीच कल्पना सुचली. बैलगाडीचं चाक काढताना चार माणसं गाडीला खांदा देतात आणि खाली ओंडका सारतात, तसं करू म्हणाला. त्यानं गडी बोलावले. सगळ्यात आधी खाली वाकले ते बाबा.

मी बाबांचा कोट मागून धरला आणि त्यांना ओढून उभं केलं. बुकात काय लिहिलं आहे ते मोठ्यानं सांगितलं. उतारावर मोटर उचलायची नाही, आणि उचललेल्या मोटरीखाली माणसानं जायचं नाही. ड्रायव्हर म्हणाला, बुकवाल्याले कोनं खांदा द्यायले सांगतलं हाय, त्यानं बाजूले बसून वाचावं. लोक हसले. बाबाही थोडे हसले, कारण लोक हसत होते.

सूर्य तलावाच्या पाण्यावर कलायला लागला होता. मी मालकांकडे गेलो. ते मोटरीतून उतरले नव्हते. उतरलं तर सीमोल्लंघन सुरू झालं की काय असा प्रश्न पडेल म्हणून असावं. मी म्हणालो, कोणाला परत पाठवून जॅक मागवावा. ते म्हणाले, रिवाज रिवाज हाय. मी म्हणालो, मग शीव ओलांडावी. दगड तर इथंच दिसून राहिला. रिवाजात मालकांनी शीव ओलांडायची आहे. मोटरीनं ओलांडायची, असं कुठं म्हटलेलं नाही.

हे वाक्य बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी पहिल्यांदा त्यांना नाही म्हटलं होतं, आणि तेही कॉलेजातल्या पद्धतीनं, म्हणजे समोरचा उत्तर देऊ शकणार नाही असं. मालक समोरच्या काचेतून दगडाकडे बघत राहिले. डफडेवाल्यांनी वाजवणं थांबवलं होतं. एवढ्या लोकांसमोर, एवढ्या माळा घालून, अर्ध्या उतारावरून पायी जायचं म्हणजे काय ते मला कळत होतं. मला कळत होतं आणि माझी गाडी सुटत होती.

"तुमचं बी.ए. लय झालं बा," ते शेवटी म्हणाले. "गाडी उद्याबी हाय."

उद्या. ज्यांना कुठं जायचं नसतं त्यांचा तो आवडता शब्द आहे.

मग बाबा पुढं आले. त्यांनी मालकांच्या बाजूचं दार स्वतः उघडलं. ते कसं उघडायचं हे त्यांनी येताना बसल्या-बसल्या पाहून ठेवलं असावं. आयुष्यभर मालकांशी ते जमिनीकडे बघून बोलत आले होते. आताही जमिनीकडेच बघत होते, पण बोलले.

"मालक, पाय तुमचेच हायेत. मोटर मांगून आली." मग दार तसंच धरून, "माह्या पोराची गाडी गेली त म्या तुमाले काही म्हननार नाई. पन मी विसरनार बी नाई."

माझ्या पदवीला जे जमलं नाही ते एका उघड्या दारानं केलं असं मी म्हणणार नाही. माझा मुद्दा बिनतोडच होता. बाबांनी फक्त तो ऐकण्यासारखा केला.

मालक उतरले. उतरले ते एकदम मालकांसारखे. पटका सावरला, छत्रीवाल्याला हाक मारली, डफडेवाल्यांकडे पाहून मान हलवली. चालत जायचंच तर वाजतगाजत. तेवढं अंतर मी पळत गेलो असतो तर श्वाससुद्धा चढला नसता. मालकांना तिथं पोचायला, मध्ये दोनदा थांबून लोकांचे नमस्कार घ्यायला, दगडाला हळद लावायला आणि एक लांब श्वास घेऊन पलीकडे पाय टाकायला जो वेळ लागला, त्यात नागपूरच्या त्या पुढच्या माणसाला बढती मिळाली असती. पण पाय पलीकडे पडला. मी ड्रायव्हरकडे वळलो. तो टोपी हातात धरून गावाकडे पळत सुटला होता. दमणीच्या बैलांना तो असा कधी पळवू शकला नव्हता.

हत्यारं आली. दोन गडी पितळी ताटात घालून ती घेऊन आले. जॅकला कुंकू, पान्याला कुंकू, पंपाच्या दांड्यावर अक्षता चिकटलेल्या. ती हातात घेताना मी नमस्कार केला. आवश्यक होता म्हणून नाही. त्याशिवाय गड्यांनी ताट खाली केलं नसतं.

आता ड्रायव्हरला घाई झाली. गाडी चुकली तर दोष कोणाचा, हे एव्हाना त्यालाही कळलं होतं. तो थेट उतारावरच जॅक लावायला बसला. मी म्हणालो, आधी मोटर ढकलून खाली सपाटीवर घ्या. तो म्हणाला, वेळ हाय का. मी म्हणालो, वेळ माझा जाऊन राहिला, तुझा नाही, त्याची काळजी मी करीन. बाबांनी गड्यांना हाक दिली. मोटर हळूहळू, बसलेल्या चाकावर लंगडत, सपाटीवर आली. हातब्रेक ओढला. बाकीच्या चाकांना पुढून-मागून पाळीचे दगड लावले. बाबांनी ते लावले, आणि प्रत्येक दगडाला लाथ मारून पाहिली.

नट आधी सैल करायचे, उचलल्यावर नाही. चाक हवेत असलं की नट फिरवताना चाकही फिरतं आणि माणूस त्याच्याभोवती. ड्रायव्हरनं हे उलट करायला घेतलं. मी थांबवलं. तो पान्यावर पाय देऊन नाचला, नट सैल झाले. जमीन ओली मुरमाची, म्हणून जॅकखाली फळी द्यायला मी सांगितलं. फळी नाही. एका घरातून पाट आला. ज्या पाटावर कोणी जेवायला बसायचं तो जॅकखाली गेला. त्या घरच्या बाईनं काय म्हटलं ते मी लिहीत नाही.

मोटर जॅकवर उचलली तेव्हा तिच्या अंगावर अडकवलेली स्टेपनी, म्हणजे जादा चाक, सोडवून मी मोटरीच्या पोटाखाली आडवी सारायला सांगितली. ड्रायव्हरनं विचारलं, तिथं कायले. ती तर लावायची आहे ना. बुकात कारण दिलेलं होतं, पण तेवढ्यात कारणानं स्वतःच उत्तर दिलं. पाट एका कडेला कचकन फुटला, जॅक तिरपा झाला आणि मोटर खाली आली. आली ती त्या आडव्या चाकावर, आणि थांबली. ड्रायव्हरचा हात ज्या जागी क्षणभरापूर्वी होता त्या जागेकडे तो स्वतःच बघत राहिला. मग त्यानं टोपी काढून मातीत ठेवली, आणि पुढं सगळं मी सांगितलं तसं केलं. मला ते फार आवडलं. लपवण्यात अर्थ नाही.

दुसरा पाट आला, त्याखाली सपाट दगड बसवला. मोटर पुन्हा उचलून खालची स्टेपनी काढली, तिच्या जागी बसलेलं चाक सारलं, आणि स्टेपनी चढली. नट एकापाठोपाठ एक आवळायचे नाहीत, समोरासमोरचे आवळायचे. आणि शेवटचा जोर मोटर खाली उतरवल्यावर द्यायचा. ड्रायव्हरनं दिला. मग मालक मोटरीत बसले. ते इतका वेळ दगडापलीकडे छत्रीखाली उभे होते, कारण शीव ओलांडून लगेच परत अलीकडे येणं शुभ नव्हतं. मोटर त्यांच्याकडे गेली.

गोंदियापर्यंत खड्ड्यात मोटर आपटली की बाबा पुढच्या सीटवरची पकड घट्ट करायचे आणि मी चाकाचा आवाज ऐकायचो. चाक चांगलं चाललं होतं. मालकांची मान एकदाही मागं वळली नाही.

स्टेशनात शिरलो तेव्हा पॅसेंजर फलाटावर उभी होती आणि हिरवा झेंडा गार्डच्या हातात गुंडाळलेला होता. बाबांनी ट्रंक डोक्यावर घेतली. मी तिसऱ्या वर्गाच्या दारात घुसलो. आत छत्तीसगडकडून येणारी एवढी माणसं होती, की माझा एक पाय कोणाच्या गाठोड्यावर आणि दुसरा बराच वेळ कुठंच नव्हता. ट्रंक खिडकीतून आली, तिच्या मागं बाबांचं तोंड दिसलं.

मालकही फलाटावर आले होते. एवढं चालून झाल्यावर शेवट पाहिल्याशिवाय कसं जायचं. बाबांनी कोटाच्या खिशात हात घातला आणि आपट्याची दोन पानं काढली. दसऱ्याचं सोनं. आमच्या गावात ते आधी मालकांना द्यायचं. मग घरच्यांना, मग शेजाऱ्यांना. हे कोणी कोणाला शिकवत नाही. मालकांचा हात सवयीनं पुढं आलाही होता. ते इंजिनाकडे बघत होते आणि त्यांचा तळवा आपोआप उघडलेला.

बाबांनी पहिलं पान खिडकीतून माझ्या हातात दिलं.

मग दुसरं मालकांच्या.

मालकांनी आपल्या हातातल्या पानाकडे पाहिलं, मग खिडकीतल्या माझ्या हाताकडे. मूठ मिटली. गार्डनं झेंडा उलगडला.